कुजण्याचाही करार झाला होता: नदीकाठच्या बागेचा कारभार पाहणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
नदीकाठच्या आमच्या बागेचा कारभार पाहणारे सर्व मान्यवर,
नाशिक

स. न. वि. वि.

'कुजलेले व अनावश्यक साहित्य हटविणे' अशा एका ओळीच्या आदेशावर आपण बागेच्या उतारावरचं आमचं शिल्प उचललंत. पाठोपाठ दुसरं परिपत्रक निघालं. यापुढे बागेत किंवा नदीकाठी जी कलाकृती उभी राहील ती टिकाऊ माध्यमातच हवी, करणाऱ्याने पाच वर्षांची हमी द्यायची आणि तेवढा काळ अनामत रक्कम अडकवून ठेवायची. पहिल्या आदेशाने आमचं एक काम गेलं. दुसऱ्याने या शहरात तशा प्रकारचं काम करायची वाटच बंद झाली. पहिल्याबद्दल मी आपल्याला रीतसर पत्रं लिहिली. पोच मिळाली, उत्तर नाही. दुसरं परिपत्रक मात्र सगळ्या नाशिकचं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे. कामाची कल्पना माझी, हात पुष्कळांचे. तिथे काय होतं ते आधी सांगते, कारण आदेशात त्याचं वर्णन 'काड्या व माती' एवढंच आहे. तसं ते खोटं नाही. काड्या आणि मातीच होती.

द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते. त्या दिवसांत दिंडोरी-निफाडकडे ज्याने फेरी मारली असेल त्याने बांधाबांधावर काड्यांचे ढीग पाहिले असतील. कुणी त्यांची कुट्टी करून बागेतच पसरतं, कुणी सरळ पेटवून देतं. अशाच एका बागायतदारांकडून आम्ही ट्रॅक्टरभर काड्या मागून आणल्या. ताजी कापलेली काडी वाकते. काही दिवसांनी कडक होते आणि वळवायला गेलं की मोडते. त्यामुळे आणल्या त्याच दिवशी विणायला बसावं लागलं. सांगाडा कारवीचा आणि बांबूचा. पेठ-सुरगाण्याकडची जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कुडाची भिंत माहीत असते: कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, बांबूच्या आडव्या कामट्यांनी आवळायच्या, दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायच्या. आमची भिंत त्याच रीतीची, फक्त ती कुठल्या घराची नव्हती. नदीकडच्या टोकाला छातीएवढी उंच, मग वळणं घेत घेत उताराबरोबर खाली येत जमिनीत मिसळणारी, मधे दोन ठिकाणी बसायला कोनाडे. वरच्या कडेला वेलीच्या काड्यांची विण. बांबूचं काम पेठ तालुक्यातल्या दोघा भावांचं, लिंपण माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचं, आणि चिखल शाळेतल्या पोरांचा.

चिखलाला सगळ्यात जास्त दिवस लागले. गाळ एका शेततळ्यातला. नुसती काळी माती वाळली की तडकते, म्हणून तिच्यात भाताचं तूस, बारीक कापलेला पेंढा आणि शेण घातलं, पाणी मारलं, वर ओली पोती टाकली आणि मुरू दिली. रोज तुडवायची. पोरांना याहून मोठं सुख नाही. पाचसहा दिवसांनी तिला आंबूस वास सुटतो, आया तक्रार करायला लागतात, तेव्हा समजायचं की चिखल लिंपायच्या लायकीचा झाला. त्यात तेरड्याचं बी मिसळलं होतं. टाकळा आणि आघाडा बोलावल्याशिवायच आले.

यातलं काहीही टिकावं म्हणून केलेलं नव्हतं, आणि हे मी काम गेल्यावर सांगत नाही. आपल्या कार्यालयाचा शिक्का असलेल्या पत्रात ते लिहिलेलं आहे. काम उन्हाळ्यात उभं राहील. एक पावसाळा उघड्यावर काढेल. त्यावर रंग, वॉर्निश किंवा ताडपत्री घातली जाणार नाही. खिळा वापरला जाणार नाही, बांधायला काथ्या आणि सुतळीच. दिवाळीनंतर जे उरेल ते आम्हीच उतरवून बागेतल्या झाडांच्या आळ्यांत घालू. म्हणजे उभारण्याचा झाला तसा कुजण्याचाही करार झाला होता. पहिला अर्धा आम्ही पाळला, दुसरा अर्धा आपण पाळू दिला नाहीत.

तो दुसरा अर्धा म्हणजे काय, हे बहुधा कुणी पाहिलंच नाही. मृगाच्या दोन-तीन सरींत लिंपणाचा वरचा गुळगुळीत थर उतरला आणि आतला पेंढा दिसायला लागला. भिंतीची पश्चिमेची बाजू आधी झिजली, कारण आपल्याकडे पावसाचा मारा तिकडूनच असतो. पूर्वेच्या बाजूला मुलांच्या पंजांचे ठसे बरेच दिवस शाबूत होते. पायथ्याशी जिथे ओल धरली होती तिथे कुंभारमाशी यायची. ती उभ्या उभ्या मातीची मुगाएवढी गोळी करते, जबड्यात धरते आणि उडते. पंपघराच्या खिडकीखाली तिने घर बांधलं होतं, नेमक्या आमच्या गाळाच्या रंगाचं. मग तेरडा उगवला, भिंतीच्या अंगातून आडवा, आणि उजेडाकडे मान वळवून वर गेला. बांबूच्या एका पेरावर एका सकाळी पांढरी भूछत्रं दिसली, दुपारी ती नव्हती. हे सगळं शिल्पच होतं. आम्ही पहिलं रूप दिलं, पुढचं पावसाने, किड्यांनी, गवताने द्यायचं, एवढी सरळ वाटणी होती.

शाळेची मुलं शनिवारची सकाळची शाळा सुटली की त्या उतारावर येऊन बसत आणि भिंत काढत. तीच वही, तीच जागा, तीच बाजू. सुरुवातीच्या पानांवर सगळ्यांनी भिंत पट्टीने आखावी तशी सरळ काढली आहे, कारण भिंत म्हटली की सरळ हे डोक्यात पक्कं असतं. पाऊस सुरू झाल्यावर रेषा बदलल्या. कडा तुटल्या, पोट सुटलं, कुणी फक्त तेरड्याचीच पानं काढत बसलं. 'डोक्यातलं काढू नका, समोरचं बघून काढा,' हे मी नोकरीभर घसा फोडून सांगत आले. ते त्या भिंतीने माझ्याहून चांगलं शिकवलं. मग एका शनिवारी मुलं आली तर तिथे मुरूम पसरून रोलर फिरवलेला. वह्यांची उरलेली पानं कोरी आहेत. मी ती आपल्याला पाठवू शकते.

आता तक्रारी.

पहिली साधीच आहे, न कळवण्याची. कुणा मोठ्या पाहुण्यांचा पाहणी दौरा होता आणि त्याआधी बाग 'नीट' दिसायला हवी होती, असं ऐकलं. दौरे असतात, समजू शकते. एक फोन आला असता तर पाहुण्यांना भिंत दाखवायला मी स्वतः उभी राहिले असते. ज्या सफाई कामगारांनी भिंत उचलली त्यांच्याबद्दल माझी काडीइतकी तक्रार नाही. त्यांच्यातल्या एका ताईंनी तेरड्याची दोन रोपं उपटून शेजारच्या वाफ्यात लावली, ती जगली आहेत. आदेशावर सही करणाऱ्याने सहीआधी जागा पाहिली होती का, एवढंच मला विचारायचं आहे.

दुसरी, आपण तिला कचरा म्हणालात त्याची. घंटागाडी रोज सकाळी दारात येऊन सांगते की ओला वेगळा, सुका वेगळा. इथे शेण, माती, पेंढा, तूस आणि बांबू, ज्यातलं सगळंच्या सगळं झाडांच्या पोटात जाऊ शकतं, ते पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पाकिटांबरोबर एकाच ट्रकमध्ये भरलं गेलं. बागेतली झाडं पन्नास पावलांवर होती.

तिसरी तक्रार 'धोकादायक' या शब्दाची. आदेशात तो नव्हता, नंतर तोंडी आला. त्यातल्या काही शंका रास्त आहेत आणि मी त्या उडवून लावणार नाही. सुक्या काड्या पेट घेतात. म्हणून विण चिखलात बुडवून मग बसवली होती आणि उन्हाळाभर पाण्याचं पिंप शेजारी भरलेलं होतं. मातीच्या भिंतीत बिळं होतात, पावसाळ्यात त्यात साप शिरू शकतो. म्हणून पायथा दगडाचा रचला होता आणि माळीदादा रोज सकाळी काठीने आपटून बघत. डासांचं म्हणाल तर शेणमाती पाणी पिते, साठवत नाही. डास शोधायचेच असतील तर त्याच बागेतल्या बंद पडलेल्या कारंज्यात वाकून बघावं. आणि भिंत कलली तर काय, यासाठी दर पंधरवड्याला दोन्ही बाजूंनी मिळून पाहणी करायची असं पत्रात ठरलं होतं. आमच्या बाजूने कुणी ना कुणी जात होतं. आपल्या बाजूचा रकाना रिकामा आहे.

चौथी पैशाची आहे, आणि ती माझ्या पैशाची नाही. बांबूकाम करणाऱ्या दोघा भावांना मजुरीचा पहिला हप्ता मिळाला. दुसरा पावसाळ्यानंतर द्यायचा होता. आता त्यांना सांगण्यात येतं की जागेवर काम अस्तित्वात नाही, सबब मोजमाप वहीत नोंद घेता येत नाही, सबब बिल निघत नाही. काम उचललं आपण, आणि काम नाही म्हणून मजुरी अडवली तीही आपणच. पेठहून एसटीने यायचं, टेबलासमोर उभं राहायचं, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' ऐकायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. त्यातला धाकटा मला म्हणाला, 'बाई, आम्ही टोपल्या विकतो त्या पण कुजतात, पण त्याचे पैसे कुणी मागे ठेवत नाही.' यावर मी काय बोलणार?

पाचवी तक्रार मला सगळ्यात जड जाते, कारण तिच्यामागे कुणाचा वाईट हेतू नाही. आपल्यापैकी एकांनी मोठ्या मनाने तोडगा सुचवला. भिंतीचे फोटो आहेतच. त्यावरून फायबरमध्ये हुबेहूब भिंत करून घेऊ, मातीचा रंग मारू, आतून एलईडी सोडू, पाइप लावून धुताही येईल. बैठकीत माना डोलल्या. मी गप्प बसले, त्याचा अर्थ होकार असा लावला गेला, म्हणून आता लेखी सांगते: नको. कुठल्या दिवसाचा फोटो घेणार आहात? पहिल्या दिवशीची गुळगुळीत भिंत हवी की पश्चिमेकडून झिजलेली? तेरडा साच्यातून काढणार, की दर पावसाळ्यात प्लास्टिकचा खोचणार? आणि कुंभारमाशीने यायचं कशाला? जे काम काळाच्या हवाली करायचं म्हणून केलं, त्यातून काळ काढून घेतला तर उरते ती पार्किंगला आडोसा करणारी एक वाकडी भिंत.

शिवाय फायबर टिकतं हा समज तरी तपासून घ्या. शहरातल्या चौकाचौकांत पाहा. नाशिकच्या उन्हात त्याचा वरचा थर पांढुरका पडतो, केसाएवढ्या भेगा जातात, पुढे आतले काचेचे तंतू वर यायला लागतात. मूल हात लावतं आणि तळहात खाजवत घरी जातं. ते कुजत नाही, वितळवून पुन्हा ओतताही येत नाही. काढलं की कुठेतरी ढिगात कायमचं पडून राहतं. आमची भिंत दिवाळीला आळ्यात गेली असती. यातली कुठली वस्तू जास्त 'टिकाऊ कचरा' आहे, हे परिपत्रक काढणाऱ्यांनीच ठरवावं.

सहावी तक्रार त्या परिपत्रकाबद्दलच. रस्त्याच्या कंत्राटातला 'दोष दायित्व कालावधी' जसाच्या तसा उचलून शिल्पाला चिकटवला आहे. खड्डा पडला तर कंत्राटदाराने बुजवायचा, हे योग्यच आहे. पण ज्या कामात झिजणं हाच हेतू, तिथे दोष कशाला म्हणायचं? आमच्या बाबतीत पाच वर्षं तशीच राहिलेली भिंत हा दोष ठरला असता.

बाहेरचे दाखले जोडल्याशिवाय आपल्याकडे फाइल हलत नाही, म्हणून थोडे देते. इटलीच्या उत्तरेला आर्ते सेल्ला नावाची डोंगरातली जागा आहे. 1986 पासून तिथे कलाकार फांद्या, दगड, पानं घेऊन कामं करतात आणि ती निसर्गावर सोडून देतात. तिथे 2001 मध्ये जुलियानो माउरी या शिल्पकाराने विणलेल्या फांद्यांचे ऐंशी खांब उभे करून झाडांचं एक कॅथीड्रल रचलं. प्रत्येक खांबाच्या पोटात हॉर्नबीमचं एक रोप लावलं. विण हळूहळू कुजायची, तोवर आतलं झाड उंच व्हायचं, आणि शेवटी खांबाच्या जागी झाड उभं राहायचं. 2009 मध्ये माउरी वारला; त्याचं काम त्याच्यामागे वाढत राहिलं. त्याच्याकडे पाच वर्षांची हमी मागितली असती तर त्याने कशाची दिली असती, फांद्यांची की झाडांची?

अँडी गोल्डस्वर्दी या ब्रिटिश शिल्पकाराने 21 जून 2000 रोजी, ऐन उन्हाळ्यात, लंडनच्या रस्त्यांवर तेरा अवाढव्य बर्फाचे गोळे ठेवले. बर्फ हिवाळ्यातला, स्कॉटलंडमधला, शीतगृहात जपलेला. कुठल्या गोळ्याच्या पोटात मेंढीची लोकर, कुठल्यात काटेरी तार. बर्फ वितळत गेला तसं आतलं बाहेर येत गेलं, कामाला जाणारे लोक थांबून हात लावत होते. गोळे वितळले ही त्या शहराच्या सफाई खात्याची अडचण झाली नाही, कारण ते वितळणार हे आधीच ठरलेलं होतं. अमेरिकेत पॅट्रिक डॉहर्टी कोवळ्या फांद्या विणून घरांएवढी कामं करतो, ती साधारण दोन वर्षांच्या आयुष्याची गृहीत धरूनच, आणि वेळ झाली की उतरवली जातात. आणि आपल्या सह्याद्रीच्याच जातीच्या काळ्या दगडाचं, बेसाल्टचं, रॉबर्ट स्मिथसनने 1970 मध्ये युटाच्या खाऱ्या सरोवरात वेटोळं रचलं. ते लवकरच पाण्याखाली गेलं, आणि जवळपास तीस वर्षांनी पाणी ओसरलं तेव्हा मिठाने पांढरं होऊन वर आलं. मधल्या काळात त्याला कुणी 'अस्तित्वात नाही' असा शेरा मारला नाही.

खरं तर इतक्या लांब जायची गरज नव्हती. हरतालिकेची वाळूची पिंड रात्रभर जागवून सकाळी वाहत्या पाण्यात जाते. पोळ्याचे मातीचे बैल, दिवाळीचे मातीचे किल्ले, अंगणातल्या शेणाच्या गवळणी, रोजची उंबऱ्यावरची रांगोळी, यातलं काय टिकावं म्हणून करतो आपण? पेठ-त्र्यंबककडच्या वारली घरांत लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिला जातो. लग्न पार पडतं, पुढे कधीतरी भिंत सारवली जाते, चौक तिच्यात मिसळतो. शाडूचा गणपती तर आपण दहा दिवस देव मानून ज्याच्या हाती सोपवतो ते पाणीच असतं. ही सगळी उघड्यावरची, मातीची, मुदतीची शिल्पंच आहेत. फक्त त्यांना निविदा लागत नाही म्हणून ती आपल्या नजरेत येत नाहीत.

आणि आपला सिंहस्थ? 2027 चा तोंडावर आला आहे, त्याच्याच नावाने सुशोभीकरणाची सगळी घाई चालली आहे. तपोवनात बारा वर्षांनी साधुग्राम नावाचं एक अख्खं गाव उभं राहतं, पर्वणी झाली की उठतं. ज्या शहराचा सगळ्यात मोठा सोहळाच उभारायचा आणि उठवायचा, त्या शहराला एका पावसाळ्याची मातीची भिंत समजावून सांगावी लागते, याचं मला नवल वाटतं. गोदावरीला पूर आला की टीव्हीवरचे आकडे बघायच्या आधी नाशिककर विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? 2019 च्या ऑगस्टमध्ये हाच प्रश्न सगळ्या शहराच्या तोंडी होता. मूर्ती, नदी आणि काळ एकत्र वाचायची सवय आपल्या अंगात आहे. ती परिपत्रकात उतरलेली नाही, एवढंच.

मी कायमस्वरूपी कामांच्या विरोधात आहे असं कृपा करून लिहू नका. त्रिरश्मीच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी लेणी कोरली, ती आजही उभी आहेत. मी पोरांना घेऊन तिथेही बसते. टिकाऊ काम करायचं तर तसं करा: दगड घ्या, पाथरवट बोलवा, त्याला वेळ द्या आणि पैसे द्या. पण पाच वर्षांची हमी आणि वरून कारचा रंग, याला मी टिकाऊ म्हणणार नाही. रामकुंडाच्या परिसरात नदीच्या तळात काँक्रीट ओतलं गेलं तेव्हाही ते टिकाऊ म्हणूनच ओतलं होतं. त्याखाली जुनी कुंडं गाडली गेली आणि ते काढा म्हणून नाशिककरांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. टिकाऊपणाची हौस या नदीला आधीच महागात पडली आहे.

आता मागण्या. फार नाहीत.

पेठच्या दोघा भावांचा राहिलेला हप्ता पहिल्यांदा द्या. बाकी सगळ्यावर चर्चा होऊ शकते, यावर नाही. मोजमाप वहीची अडचण असेल तर आपल्याच कार्यालयाने काम पूर्ण झाल्यावर घेतलेले फोटो आणि माळीदादांची हजेरीवही पुरावा म्हणून जोडा.

परिपत्रकातली पाच वर्षांची हमी आणि अनामत या अटींतून नैसर्गिक साहित्याची, मुदतीची कामं वगळा. एका वेगळ्या ओळीने हे होईल. त्यांच्यासाठी हवी तर वेगळी अट घाला: काम कशाचं आहे, किती काळ उभं राहणार, कधी आणि कसं उतरवणार, उरलेलं कुठे जाणार, हे करणाऱ्याने आधी लिहून द्यावं आणि दोन्ही बाजूंनी ते पाळावं. प्लास्टिक, सिमेंट, रासायनिक रंग यांना त्या कामात मज्जाव ठेवा. आम्ही हे आधीच केलं होतं, त्यामुळे नमुना तयार आहे.

बागेचा तोच उतार, पूररेषेच्या वरचा, अशा कामांसाठी राखून ठेवा. तो मुरूम नाहीतरी दोन पावसांत वाहून जाणार आहे. तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचा विचार चालल्याचं कानावर आलं, तो थांबवा.

काम उभं असेपर्यंत पंधरा दिवसांनी एकत्र पाहणी व्हावी आणि तिची नोंद जागेवरच्या फलकावर लागावी, लोकांना वाचता येईल अशी. फलकावर हेही लिहा की हे काम झिजणार आहे आणि ते तसंच अपेक्षित आहे. म्हणजे 'बागेत घाण पडली आहे' असे फोन आपल्याला कमी येतील. खरंच धोका दिसला तर काम उतरवायचा अधिकार आपला आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण लेखी कारण आणि दोन दिवसांची सूचना द्या, आम्ही स्वतः येऊन उतरवू. उतरलेलं सगळं त्याच बागेतल्या झाडांना जावं.

फायबरची प्रतिकृती करू नये. तिच्यासाठी तरतूद झाली असेल तर त्या पैशात त्या उतारावर पुढची काही वर्षं दर उन्हाळ्यात वेगळ्या कारागिरांचं एकेक काम होऊ शकेल. बांबूकाम करणारे आहेत, कुंभार आहेत, कुडाच्या भिंती लिंपणाऱ्या बाया आहेत. या कामांना शिल्पकाराची पदवी लागत नाही, ही त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

पुढच्या खरड छाटणीला काड्या द्यायचं दिंडोरीच्या बागायतदारांनी कबूल केलं आहे. त्या एकदा पेटल्या की वर्षभर मिळायच्या नाहीत, म्हणून परवानगीचा निर्णय मार्चअखेरपर्यंत लेखी मिळावा. बैठकीला बोलावणार असाल तर त्या दोघा भावांनाही बोलवा आणि त्यांचं एसटीचं भाडं द्या.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
नाशिक

ता. क. मोठ्या भावाचा बांबू फोडायचा कोयता आणि काथ्याची न उघडलेली दोन बंडलं बागेच्या अवजारांच्या खोलीत आहेत. खोलीला आता नवीन कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणी सांगत नाही. कोयता त्याच्या रोजच्या कामाचा आहे, तो या पत्राच्या उत्तराची वाट न पाहता परत करावा.